महिन्याची यादी कोणाच्या हाती?

महागाईविरुद्धच्या मोर्चातून घरी परतलेला आपला कार्यकर्ता महिन्याच्या वाणसामानाची यादी कोणत्या दुकानात देतो, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गांत सहसा विचारला जात नाही. उत्पादनाच्या साधनांची मालकी कोणाकडे असावी यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. गिरण्या, खाणी, बँका, विमा यांविषयी ठराव केले. परंतु तूरडाळीपासून साबणाच्या वडीपर्यंतचा माल ज्या फळीवरून आपल्या घरात येतो ती फळी कोणाची, याचा विचार मात्र गृहिणींवर आणि व्यापाऱ्यांवर सोपवून आपण मोकळे झालो. कुटुंबाचा खर्च ही वरवर खाजगी बाब आहे. पण लाखो कुटुंबे एकाच दिशेने खर्चाची सवय बदलतात तेव्हा गल्लीतले दुकान बंद पडते, शहरात नवा धनिक उभा राहतो आणि साबण बनवणाऱ्या बलाढ्य कंपनीलाही आपले धोरण बदलावे लागते. या घडामोडीला राजकारण म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे?

प्रथम सवय कशी बदलली ते पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० सालच्या आकड्यांनुसार शहरी भागातील दरडोई खर्चात अन्नाचा वाटा ४८.०६ टक्के होता. २०२२-२३ च्या पाहणीत तो ३९.१७ टक्क्यांवर आला. उत्पन्न वाढले की अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, हा एंगेलचा नियम अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. लक्ष द्यायचे ते अन्नाच्या पोटातील बदलाकडे. शहरी खर्चात पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा २०२२-२३ मध्ये १०.६४ टक्के होता, आणि अन्नाच्या सर्व उपगटांत तोच सर्वांत मोठा होता. धान्य, डाळी, भाजी या सर्वांच्या पुढे पुड्यातला, बाटलीतला आणि डब्यातला माल गेला आहे.

याचा दुकानदारीवर होणारा परिणाम नीट समजून घेतला पाहिजे. गोणीतली डाळ विकणाऱ्या वाण्याजवळ एक विद्या होती. कोणती डाळ लवकर शिजते, कोणत्या तांदळाला पाणी जास्त लागते, कोणत्या गिऱ्हाइकाला काय परवडते हे त्याला ठाऊक असे. भेसळ करायची तर तीही त्याच विद्येच्या जोरावर! माल पुड्यात बंद झाला, त्यावर छापील भाव आला आणि दूरदर्शनने त्याची ओळख घरोघरी करून दिली, तेव्हा ही विद्या निरुपयोगी ठरली. एकाच कंपनीचा तोच पुडा दहा दुकानांत मिळू लागल्यावर गिऱ्हाईक एवढेच विचारणार की, कुठे स्वस्त आणि कुठे सोयीचे? म्हणजे मॉल दाराशी येण्याच्या कितीतरी आधीच कंपनीच्या पुड्याने वाण्याला बदलता येण्याजोगा करून ठेवले होते. मोठ्या दुकानाने फक्त त्या परिस्थितीचा लाभ उठवला.

पाठ्यपुस्तके सांगतात की ग्राहक हा बाजाराचा राजा. जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच्या नेमके उलट मांडले. ज्या गरजा भागवण्याचा दावा उत्पादक करतो त्या गरजा निर्माणही तोच करतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्या चळवळीला हा युक्तिवाद साहजिकच आवडला. पण आपल्या देशाचा अनुभव दोन्ही मतांना पुरता बसत नाही. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरच्या घरी बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केलेली निरमा पावडर तीन-साडेतीन रुपये किलोने मिळत असे, आणि हिंदुस्थान लिव्हरची सर्फ तेरा रुपयांच्या आसपास. लाखो कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांनी वडी सोडून ही पिवळी पावडर घेतली. ज्या गिऱ्हाइकाला आजवर खिजगणतीत धरले नव्हते त्याच्यासाठी लिव्हरला अखेर 'व्हील' बाजारात आणावी लागली. इथे राजा कोण होता? मात्र ही कथा इथे थांबत नाही. हातात रोज थोडीच रोकड येणाऱ्या माणसाची खर्चाची सवय ओळखून कंपन्यांनी त्याला शाम्पूपासून चहापर्यंत सर्व काही एक-दोन रुपयांच्या पुडीत देऊ केले. गरिबाला एकरकमी बाटली परवडत नाही, ही त्याची अडचण होती. तिचीच कंपनीने बाजारपेठ केली.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचा इतिहास तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. गिऱ्हाईक हातातल्या नाण्याकडे पाहून खरेदी करते. म्हणून भाव पाचच रुपये ठेवायचा आणि महागाई वाढेल तसे वजन उतरवायचे, ही रीत वर्षानुवर्षे चालली. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा काही पुड्यांवर साडेचार रुपयांच्या आसपासचे भाव छापून आले. सुटे पैसे कोण कुठून देणार? थोड्याच काळात भाव पुन्हा पाचावर नेऊन वजन वाढवण्याची वाट धरली गेली. सरकारने केलेल्या करकपातीचे रूपसुद्धा ग्राहकाच्या खिशातल्या नाण्याने ठरवले. सवयीचे सामर्थ्य असे असते. मात्र ते विखुरलेले असल्यामुळे त्याचा हिशेब कंपनी ठेवते, ग्राहक ठेवत नाही.

आता हे सारे आपल्या डोळ्यांसमोर कसे घडते ते पाहण्यासाठी मी ज्या वस्तीत राहतो तिच्याकडे येतो. सारसोळे हे नेरूळमधले आगरी-कोळ्यांचे जुने गाव. सिडकोने १९७० नंतर पंचाण्णव गावांच्या जमिनी घेऊन जे शहर वसवले त्यात हे गाव सेक्टर सहाच्या अंगाला उरले. एका बाजूला पाम बीच रस्ता, त्यापलीकडे खाडी आणि जेट्टी. दुसऱ्या बाजूला सोसायट्यांच्या इमारती. गावठाणात दाटीने उभी राहिलेली घरे आणि त्यांतल्या भाड्याच्या खोल्या. या खोल्यांतून घरकाम करणाऱ्या बाया, रखवालदार, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर राहतात. सोसायट्यांतून नोकरदार आणि पेन्शनर राहतात. दोघांनाही तेल, साखर, चहा लागतो. पूर्वी दोघेही तो एकाच वाण्याकडून घेत.

त्या वाण्याचा हिशेब काय होता? सोसायटीतले कुटुंब पगार झाल्यावर महिन्याची मोठी यादी देई आणि रोख पैसे मोजी. त्या रोकडीवर वाणी घाऊक बाजारातून माल उचले. वाशीची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. गावठाणातला मजूर रोजचे पावशेर तेल आणि छटाकभर चहापत्ती वहीवर नेई, आणि पगार अगर मजुरी मिळाली की वही फेडी. म्हणजे सोसायटीच्या रोकडीतून गावठाणाची उधारी चालत होती. कोणी हे ठरवून केले नव्हते, कोणाला त्याचे पुण्यही नको होते. पण व्यवहार असा बसला होता खरा.

मोठ्या दुकानाने या व्यवहारातली फक्त मोठी यादी उचलली. आमच्या भागातला एक वयस्कर दुकानदार मला म्हणाला, "सर, यादी तिकडे जाते. माझ्याकडे दूध, पाव आणि आगपेटी येते." दुधावर आणि पावावर सुटतेच किती? ज्या मालावर थोडाफार नफा होता आणि जो रोखीने जात होता तो गेला. उरला तो रोज उघडावा लागणारा, थोड्या नफ्याचा आणि उधारीचा धंदा. मग दुकानदार काय करतो? आधी वही बंद करतो. फळीवर 'आज रोख, उद्या उधार'ची पाटी येते. यादी हलवली मध्यमवर्गाने, आणि पत बुडाली मोलकरणीची. त्या बाईला महिनाअखेरीस पाचशे रुपयांची नड लागली तर आता ती मोबाईलवरच्या कर्जवाल्याकडे किंवा गल्लीतल्या सावकाराकडे जाते. महिन्याला वाचलेल्या दोनशे रुपयांच्या हिशेबात हा खर्च कोणीही मांडत नाही, कारण तो दुसऱ्याच्या घरात पडतो. अर्थशास्त्र याला बाह्य परिणाम म्हणते. शब्द मोठा निर्विकार आहे.

नेरूळला या बाबतीत एक इतिहास आहे आणि तो आपल्या कार्यकर्त्यांना फारसा ठाऊक नाही. शेअरबाजारातले नामांकित गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी दामोदर मॉल यांच्यासमवेत किरकोळ विक्रीच्या व्यवसायात पहिले पाऊल टाकले ते १९९९ साली इथे, नेरूळला. आणि ते कोणत्या पाटीखाली? 'अपना बाजार'च्या! सहकारी भांडाराची एक शाखा चालवायला घेऊन त्यांनी धंदा शिकून घेतला. ती पद्धत त्यांना पटली नाही. २००२ साली पवईला त्यांनी आपले पहिले डी-मार्ट उघडले. मॉल पुढे रिलायन्सच्या किराणा व्यवसायाचे प्रमुख झाले. आज देशातल्या किराणा विक्रीत ज्या दोन साखळ्यांचा बोलबाला आहे, त्या दोहोंशी नेरूळच्या त्या सहकारी दुकानाचा असा धागा जुळतो.

अपना बाजार म्हणजे काय होते हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. नव्यांसाठी सांगतो. १९४८ साली नायगावच्या गिरणगावात कामगारांच्या छोट्या ग्राहक सहकारी संस्थेतून ते उभे राहिले. दादासाहेब सरफरे यांच्यासारख्या समाजवादी मंडळींनी ते वाढवले. पुढे गजानन खातू यांच्यासारखा कार्यकर्ता त्याचा सरव्यवस्थापक झाला. चिनी आक्रमणानंतर १९६२ च्या अखेरीस केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना आणली. १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर महागाई भडकली तेव्हा तिला जोर चढला. साठच्या दशकाअखेरीस नायगावात अपना बाजारचे मोठे डिपार्टमेंट स्टोअर उभे राहिले. दिवाळीच्या आधी तिथे लागणाऱ्या रांगा पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. ज्या काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार समितीच्या बाया लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, त्याच काळात भाव खाली ओढणारे दुकानही कामगारवस्तीत उभे होते. आंदोलन आणि दुकान ही एकाच चळवळीची दोन अंगे होती. पैकी पहिल्याचे फोटो आपण जपले.

मग सहकारी दुकान मागे का पडले? 'सरकारी हस्तक्षेप' आणि 'भ्रष्टाचार' ही दोन उत्तरे आपल्या जिभेवर तयार असतात. ती कुठे कुठे खरीही असतील. परंतु खाजगी माणसाने नेमके निराळे काय केले, हे तपासल्याखेरीज उत्तर पुरे होत नाही. डी-मार्टची पद्धत गुप्त नाही. मोजकाच खपाचा माल ठेवायचा. सणासुदीची वाट न पाहता रोज कमी भाव लावायचा. दुकानाची जागा शक्यतो भाड्याने न घेता विकतच घ्यायची. आणि पुरवठादाराचे पैसे इतरांसारखे महिना-दीड महिना न अडवता थोड्या दिवसांत चुकते करून त्याच्याकडून जास्तीची सवलत घ्यायची. यातली शेवटची गोष्ट नीट पाहावी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हजारो कुटुंबे पगार खर्च करायला येतात. त्या सवयीमुळे माल झपाट्याने हलतो आणि रोकड हाती येते. ती रोकड पुरवठादारापुढे टाकून भाव पाडला जातो. म्हणजे सवलतीचे भांडवल ग्राहकच पुरवतो. दुकान ते एकत्र करते एवढेच.

रॉचडेलच्या २८ जणांनी १८४४ साली हेच ओळखले होते. पण एकत्र केलेल्या खरेदीचा शिलकी नफा त्यांनी खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत दिला. इथे तो भागधारकांकडे गेला. मार्च २०१७ मध्ये डी-मार्टच्या कंपनीचे समभाग २९९ रुपयांना विकले गेले आणि बाजारात नोंद होताच त्यांचा भाव दुपटीवर गेला. त्या वाढीत नेरूळ, ठाणे, कल्याण इथल्या गृहिणींच्या शिस्तशीर यादीचा मोठा वाटा होता. त्यांना त्यातून काय मिळाले? साखरेच्या किलोमागे दोन रुपये. ते मी कमी लेखत नाही. आखूड पगाराच्या घरात दोन रुपयेही मोजूनच खर्च होतात, आणि म्हणूनच मॉलमध्ये जाणाऱ्या गृहिणीला चंगळवादी म्हणून हिणवणाऱ्या आपल्या काही वक्त्यांची भाषा मला मुळीच मान्य नाही.

जागेचा मुद्दा नवी मुंबईत विशेष बोचरा आहे. ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले, त्या शेतकऱ्यांनी योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. पण दुकानांसाठी राखलेले मोक्याचे भूखंड निविदेने विकले जात राहिले, आणि निविदेच्या बाजारात जो सर्वांत जास्त बोली लावतो त्याचेच दुकान उभे राहते. जागेची किंमत आकाशाला भिडलेल्या शहरात सहकारी भांडाराला आणि छोट्या दुकानदाराला भाड्याच्या ओझ्याखाली स्पर्धा करायची असते. बिग बझारसारखी बलाढ्य साखळीसुद्धा कर्ज आणि थकलेले भाडे यांत गुदमरली. २०२२ च्या फेब्रुवारीत तिची अनेक दुकाने रिलायन्सने ताब्यात घेतली. मुंबईतल्या सहकारी भांडाराचा कारभार तर त्याआधीच, २००६ च्या सुमारास, रिलायन्सशी जोडला गेला होता. किरकोळ विक्रीचा प्रश्न हा असा मुळात जमिनीचाही प्रश्न आहे.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळू. मोठे दुकान आले की उत्पादक कंपनी खूश होते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिचीही कोंडी होते. लाखो वाण्यांपुढे कंपनी भाव सांगते. चार साखळ्यांपुढे तिला भाव ऐकावा लागतो. कंपनी मग त्या साखळ्यांना जी सवलत देते, ती वितरकामार्फत जाणाऱ्या वाण्याला मिळत नाही. या विषमतेविरुद्ध २०२१ च्या अखेरीस वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने कंपन्यांना इशारा दिला, आणि जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा रोखला. ज्या दरात रिलायन्सच्या जिओमार्टसारख्या कंपन्या दुकानदाराला थेट माल देत होत्या, त्या दरात वितरकाला कंपनीकडूनही माल मिळत नव्हता. हा संप फार काळ टिकला नाही. परंतु टूथपेस्टच्या नळीवरून व्यापारी संपावर जातात, ही घटना आपल्या पत्रकात एका ओळीचीही धनी झाली नाही. व्यापारी म्हणजे शत्रू, हे जुने समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसले आहे.

आणि आता डी-मार्टलाही धक्का देणारी सवय आली आहे. यादीच करायची नाही. जे संपेल ते मोबाईलवर मागवायचे आणि दहा-पंधरा मिनिटांत दारात घ्यायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डी-मार्टच्या व्यवस्थापनाने महानगरांतल्या आपल्या दुकानांवर घरपोच किराण्याचा परिणाम दिसत असल्याचे मान्य केले, आणि एका दिवसात समभाग आठ टक्क्यांच्या आसपास कोसळला. त्याच महिन्यात वितरकांच्या महासंघाने वर्षभरात दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा दावा केला. हा आकडा शिरगणतीचा नव्हे, एका बाधित संघटनेचा आहे, तेव्हा तो तेवढ्याच सावधपणे वापरावा. परंतु दिशा कोणती आहे हे कळायला आकडा लागत नाही. वाण्याने गमावलेल्या मोठ्या यादीनंतर त्याच्याकडे जे दूध-पाव उरले होते, नेमके तेच या कंपन्यांनी लक्ष्य केले. त्यांचे दुकान गिऱ्हाइकाला बंद असते. आत माल उचलणारी मुले, बाहेर दुचाकीवरची मुले. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने या मुलांना 'गिग कामगार' असे नाव दिले खरे, पण मालक आणि नोकर या नात्याबाहेर ठेवूनच. सोसायटीतल्या माणसाला दहा मिनिटांची घाई क्वचितच असते. घाई कंपनीची असते, कारण सवय लागेपर्यंत तोटा सोसायचा आणि सवय लागल्यावर तो वसूल करायचा, असा तिचा हिशेब आहे.

यावर कोणी म्हणेल, मग गल्लीतल्या वाण्याला वाचवा अशी मोहीम काढू. माझे मत तसे नाही. वाणी हा आपल्या कल्पनेतला गरीब बापडा नसतो. त्याच्या दुकानात गावाकडून आणलेला पोऱ्या सकाळी सात ते रात्री अकरा राबतो, त्याला किमान वेतन कोणी विचारलेले नसते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने मुख्य तरतुदींतून वगळली, आणि ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. उधारीच्या वहीतही सगळे दान नव्हते. वहीवाल्याला जुना माल आणि चढा भाव निमूटपणे घ्यावा लागे. वाण्याची बाजू घ्यायची तर त्याच्या पोऱ्याची बाजू सोडून घेता येणार नाही.

वाण्याहून वेगळी गोष्ट कोळणीची. सारसोळ्याच्या जेट्टीवर खाडीतली कोळंबी, बोय, निवट्या, चिंबोऱ्या उतरतात आणि गावातल्या बाया त्या टोपलीतून विकतात. इथे माल पकडणारे, विकणारे आणि नफा घेणारे एकाच घरातले. खाडीच्या प्रदूषणाने त्यांची मासळी कमी केली. आता साफ केलेली, तुकडे केलेली आणि बर्फात बांधलेली मासळी मोबाईलवरून दारात येऊ लागली आहे. सोसायटीच्या नियमाने कोळणीला फाटकाशी अडवायचे आणि त्याच फाटकातून कंपनीच्या पोऱ्याला आत सोडायचे, हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. हा ठराव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत होतो आणि त्या सभेला आपले सभासदही बसलेले असतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा फेरीवाल्यांना ओळखपत्र आणि विक्रीसमितीत प्रतिनिधित्व देतो. तो कायदा फाटकाच्या आत पोहोचत नाही. तिथे हात वर करणारा माणूसच लागतो.

तेव्हा करायचे काय? मुंबई ग्राहक पंचायतीचे उदाहरण समोर आहे. १९७५ साली बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके प्रभृतींनी ती सुरू केली. त्यांतील अनेकांचे राजकारण आपल्याहून निराळे होते, पण म्हणून त्यांची पद्धत अभ्यासायला हरकत नसावी. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, पंचायत एकत्र खरेदी करून माल संघाच्या दारी पोहोचवते आणि वाटणी सभासद स्वतः करतात. दुकान नाही, त्यामुळे भाडे नाही. फळी नाही, त्यामुळे पडून राहणारा माल नाही. जागेच्या प्रश्नाला दिलेले हे फार शहाणपणाचे उत्तर आहे. मात्र या संघांत मुख्यतः मध्यमवर्गच राहिला, कारण आगाऊ मागणी आणि एकरकमी पैसे हे रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला जमत नाही. आपले काम तिथून सुरू होते.

समजा, सारसोळ्याच्या आसपासच्या सोसायट्यांतली शंभर कुटुंबे महिन्याला सरासरी आठ हजारांची खरेदी एकत्र करतात. ती आठ लाखांची झाली. घाऊक खरेदीतून सर्व खर्च वजा जाता पाच टक्के सुटले तरी महिन्याला चाळीस हजार रुपये आणि वर्षाला चार लाख ऐंशी हजार. यातला अर्धा भाग खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परतावा द्यावा, आणि अर्ध्यातून गावठाणातल्या खोल्यांतल्या कुटुंबांसाठी महिन्याभराच्या वाणसामानाची बिनव्याजी पत उभी करावी. सोसायटीच्या रोकडीवर गावठाणाची पत, हा मोडलेला जुना व्यवहार हिशेबाच्या वहीत उघडपणे पुन्हा मांडायचा. कर्ज बुडेल, असे कोणी म्हणेल. थोडे बुडेलही. वाण्याचेही बुडत असे, आणि तो ते भावात बसवत असे.

दुसरी मागणी सिडको आणि महापालिकेकडे करावी. शाळा, रुग्णालये आणि संस्था यांना सवलतीने भूखंड देण्याची परंपरा या शहरात आहे. प्रत्येक उपनगरात ग्राहक सहकारी भांडारासाठी एक गाळा आणि मासळीविक्रेत्या बायांसाठी पाण्याची व बर्फाची सोय असलेला एक ओटा राखून ठेवावा. निविदेने नव्हे, सभासदसंख्येच्या अटीवर. गाळा पोटभाड्याने दिला तर तो परत घेण्याची तरतूद करारातच असावी, कारण सहकाराच्या नावाने मिळवलेल्या जागांचे पुढे काय होते हे आपण पाहिले आहे.

सुरुवातीला तूरडाळ, तांदूळ, गोडेतेल, साखर, चहा आणि कपड्याचा साबण एवढ्या सहाच वस्तू घ्याव्यात. महिन्याच्या वीस तारखेला मागणी गोळा करायची, सत्तावीसला वाशीहून माल उचलायचा, आणि पगाराच्या पहिल्या रविवारी वाटणी करायची, कारण मोठी यादी बाहेर जाते ती त्याच आठवड्यात. हिशेब ठेवायला दोन निवृत्त माणसे लागतील, आणि निवृत्त माणसांची आमच्या वस्तीत वाण नाही. तराजू मात्र विकत घेऊन प्रमाणित करून घ्यावा लागेल.